आबांनी सगळं समजावून सांगितलं

सीतारामआबांनी रेल्वेच्या फाटकावर एकतीस वर्षं काढली. मळवलीच्या बाजूला तेव्हा एक फाटक होतं. तिथं पत्र्याच्या छपराची एक खोली, खोलीत फोन, स्टूल, पाण्याचा माठ आणि आबा. स्टेशनातून फोन यायचा, आबा आकडा लिहून घ्यायचे, परत म्हणून दाखवायचे आणि फाटक पाडायचे. गाडी गेली की झेंडा गुंडाळून पुन्हा स्टुलावर. सबंध पाळीत बोलायला माणूस म्हणाल तर फोनमधला मास्तर, आणि तोही आकड्याच्या पुढं एक शब्द बोलायचा नाही.

शनिवार-रविवार मात्र गाड्यांची रांग लागायची. लेणी बघायला आलेली माणसं हॉर्न वाजवून डोकं उठवायची. दुसरा कुणी असता तर पाठ करून बसला असता. आबा पुढच्या चार गाड्यांच्या काचांपाशी जाऊन सांगायचे, "मालगाडी हाय, सात मिंटं. तिच्या मागं पुण्याची लोकल हाय. ती सोडतो आन लगीच उघडतो." आणि खरंच, माणसं हॉर्न थांबवून गाडी बंद करायची. माणसाला कारण सांगितलं की माणूस थांबतो, असं आबांचं ठाम मत होतं. हेच मत पुढं त्यांच्या अंगावर आलं.

मी रुपाली. भाजे गावात खोक्यांचं काम मी आणलं. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांकडून छापलेले सपाट पुठ्ठे आणायचे, गावातल्या बायकांकडून त्यांची खोकी करून घ्यायची आणि टेम्पोनं परत पोचवायची. लोणावळ्यात मी शुद्ध बोलते, गावात आमचं आमचं बोलते. भांडण दोन्हीत करता येतं.

आबा रिटायर झाले आणि आमची बैठक त्यांच्याच ओसरीवर बसायला लागली. त्यांची बायको भामामावशी, मी, पलीकडच्या आळीतली अनसूया, शिवाय येऊनजाऊन दोघी-तिघी. आमचं घर विहाराच्या बाजूला, अनसूयेचं मारुतीच्या देवळाच्या बाजूला, पण ओसरीवर कोण कुठलं हा प्रश्नच नव्हता. हात पुठ्ठ्यावर आणि तोंड गावावर. कुणाची सून कशी, कुणाचा जावई किती पितो, सगळ्याचा निकाल लागायचा. आबा खांबाला टेकून शंभराचे गठ्ठे बांधत बसायचे. एकतीस वर्षं मुक्यानं काढलेला माणूस, त्यांना आमची बडबड म्हणजे जेवणच. दुपारी एखादी आली नाही तर तिच्या दारात जाऊन विचारायचे, "का गं, बरी हाईस ना?"

भामामावशी कामाची मुख्य. तिच्या हाताकडं बघून आम्ही सगळ्या शिकलो. चार बाजू उभ्या करायच्या, तळाला दुमडायच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना आम्ही कान म्हणतो, त्यातला रुंद कान वरून घेऊन खाचेत सरकवायचा, की तळ पक्का. मावशी हे न बघता करायची. नवीन मापाचा पुठ्ठा आला की आम्ही आधी तिच्या हातात द्यायचो आणि ती करेल तसं करायचो.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, कामाचा नुसता डोंगर पडला होता. मी एक दिवस बघते तर मावशी रुंद कान खालून घेत होती. मला वाटलं, माप बदललं असेल. अनसूयेनंही तिच्याकडं बघून खालून घ्यायला सुरुवात केली. तिचं बघून बाकीच्यांनी. संध्याकाळपर्यंत माझे हातही तसेच चालायला लागले. वरून बघाल तर खोकं अगदी बरोबर दिसायचं. तीन दिवस आम्ही तेच करत बसलो आणि दुकानातून फोन आला, की खोकं उचललं की तळ सुटतो आणि चिक्की गिऱ्हाइकाच्या पायावर पडते. सगळा माल परत आला.

मी ओसरीवर जाऊन तणतणले. "मावशी, कुनी सांगितलं तुला कान खालनं घ्यायला?"

मावशी आपल्या हातांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी तर वरनंच घेतला की गं."

आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. आज ते आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

पुढं पंधरा दिवसांत तिचा तोल जायला लागला. उंबरा ओलांडताना ती भिंत धरायची. एकदा मला म्हणाली, "पोरी, तू दोन-दोन का दिसतीस?" भांडं पडलं तरी सगळं अंग दचकायचं, हात उडायचे. मग नावं जायला लागली. आधी अनसूयेचं, मग माझं. आबांचं नाव तेवढं शेवटपर्यंत टिकलं. मुलगा गौरव गुजरातेत कंपनीत आहे, तो येऊन तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं डोक्याचे फोटो काढले, पाठीतलं पाणी काढलं, झटके येतात का ते तारा लावून बघितलं. तीन आठवड्यांनी आबा मावशीला घेऊन घरी आले. गौरव रजा संपली म्हणून परत गेला.

आबा आले त्या दुपारी आम्ही सगळ्या जमलो. मावशी आत पथारीवर होती. आबा खांबाला टेकून बसले, समोरचा एक पुठ्ठा उचलला आणि सांगायला लागले. तिथल्या इरावती नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना तासभर समजावलं होतं, आणि आबांनी ते आकडा लिहून घ्यावा तसं मनात लिहून घेतलं होतं.

"मेंदूत बारीक बारीक खोल्या असत्यात, पेशी म्हनत्यात त्यांना. खोलीच्या भितीवर एक प्रथिन असतं. तुझ्यात असतं, माझ्यात असतं, समद्यांच्यात असतं. त्याची एक घडी ठरल्याली हाय. दहा लाखांत एकाद्याचं काय हुतं, एका प्रथिनाची घडी चुकती. का चुकली, कुनालाच ठावं न्हाई. ते चुकल्यालं प्रथिन शेजारच्या चांगल्याला चिकटतं आन त्यालाबी आपल्यासारकंच वळवतं. एकाचं दोन, दोनाचं चार. मग त्यांची माळ हुती. माळ तुटली की तुकडं पडत्यात, आन परतेक तुकडा नवी माळ सुरू करतो."

"आन ह्या खोलीतनं त्या खोलीत कसं जातं?" अनसूयेनं विचारलं.

"शेजारच्या खोलीला खेटून जातं. कधी खोलीतनं बारीक बुडबुडं भाईर पडत्यात, त्यात बसून जातं. न्हाईतर दोन खोल्यांच्या मधी केसापरीस बारीक नळी असती, तिच्यातनं जातं. अंगात रोगाला अडवनारी फौज असती ना, ती ह्याला अडवतच न्हाई. परकं काय आलंच न्हाई तर अडवनार कुनाला? पुठ्ठा आपलाच, निस्ती घडी चुकल्याली." आबांनी हातातल्या पुठ्ठ्याचा रुंद कान खालून घेऊन दाखवला. "मी हे डाक्टरीणबाईंना म्हनलं, तर त्या म्हनाल्या, आबा, मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं."

हे सांगताना त्यांना थोडा अभिमान वाटत होता. बायको जाणार हे कळलेला माणूस, पण गोष्ट नीट कळली याचं त्यांना बरं वाटत होतं. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं.

"म्हंजे जंतू न्हाई?"

"जंतू न्हाई. जितंच न्हाई ते, मग मारायचं कसं? उकळून जात न्हाई. औशीद न्हाई. ऑप्रेशनची हत्यारं डाक्टर येगळी ठेवत्यात. तिनं रगत द्यायचं न्हाई, डोळं द्यायचं न्हाई." आबांनी काही म्हणजे काही लपवलं नाही. मग बोट वर करून म्हणाले, "पन हे समदं डोक्याच्या आत, हे ध्यानात ठेवा. हात लावून हुत न्हाई, संगं जेवून हुत न्हाई, शेजारी बसून हुत न्हाई. बाईंनी तीनदा सांगितलं. मी तीनदा इचारलं, म्हनून तीनदा सांगितलं."

आम्ही माना हलवल्या. उठताना अनसूया आत डोकावली, पण आत गेली नाही. मीही नाही.

वाटेत अनसूया मला म्हणाली, "रुपाली, मावशीनं कान खालनं घेतला, तवा आपनबी खालनंच घेतला की. आपल्या हातांनी का घेतला मग?"

मी हात पदराला पुसले. आता तुम्ही म्हणाल, काय अडाणी बाया. तुम्ही तीन दिवस तसं खोकं केलं असतंत तर कळलं असतं. आबांनी ओसरीवर बसून जे मेंदूतलं म्हणून सांगितलं, ते आम्ही ओसरीवरच घडताना बघितलं होतं. एकीचं चुकलं, शेजारणीचं चुकलं, तिच्या शेजारणीचं चुकलं. आबांचं पहिलं बोलणं आम्हाला इतकं पटलं, की शेवटचं ऐकूच आलं नाही. अनसूयेच्या हाताला दुसऱ्या दिवशी मुंग्या यायला लागल्या. मी रात्रभर बोटं मोजत होते आणि दचकतेय का ते बघत होते. त्यात माझी सून पोटुशी.

दुसऱ्या दिवशी कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बैठक अनसूयेच्या पडवीत भरली. कुणी ठरवलं नाही, कुणी कुणाला निरोप दिला नाही, पण सगळ्या बरोबर तिथंच आल्या. आबांच्या ओसरीवरचे पुठ्ठे मी टेम्पोवाल्या विक्कीला सांगून उचलून आणले. ते पुठ्ठे आम्ही वापरले नाहीत, मागच्या परड्यात जाळले. छापील पुठ्ठा काळा धूर करून जळतो, तो धूर आबांच्या घरावरून गेला असणार.

आठवड्यानं आबा माझ्या दारात आले. दारातच उभे राहिले, आत या म्हणायची वाट बघत. मी म्हटलं नाही.

"रुपाली, एक काम हाय तुज्याकडं. भामाला आता काय समजत न्हाई. पन घर गप झालं की ती लय तळमळती. पथारीवरनं उठाया बघती, पडती. परवा टेम्पोतल्या बाया बोलत गेल्या रस्त्यानं, तर निवांत पडून ऱ्हायली. तिला बायांचा आवाज पायजे. डाक्टरीणबाई म्हनल्या, फार तर महिना. तुमी रोज नका येऊ. ऐतवारी या, दोन तास. आत नका येऊ, ओसरीवर बसा. निस्तं बोला."

"येतो की आबा," मी म्हटलं.

त्यांनी पाणी मागितलं. उन्हातून आले होते. मी घरात गेले. मांडणीवर स्टीलचे दहा पेले पालथे होते. मी मागं एका बारशाला आणलेल्या प्लास्टिकच्या ग्लासांतला एक काढला, भरला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. हातात दिला नाही. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी तिला ओंजळीत वरून पाणी ओतायचे. ते ऐकून आम्हा पोरांच्या मुठी वळायच्या. आणि मी काय केलं? माझ्याच माणसाला, माझ्याच वस्तीतल्या माणसाला, खाली ठेवलेलं पाणी उचलायला लावलं. आबांनी ग्लासाकडं बघितलं, वाकून उचलला आणि पाणी प्याले. ग्लास चुरगळून खिशात घातला, म्हणजे मला तो उचलायला नको.

रविवारी कुणी गेलं नाही. अनसूया म्हणाली तिच्या घरी पाहुणे आहेत. कुणाचं डोकं दुखत होतं. मी मात्र निघाले. खरंच निघाले होते. मनाशी म्हटलं, ओसरीवर तर बसायचंय. दुपारी तीनचा सुमार, वाटेवर चिटपाखरू नाही. आबांच्या कुंपणाला निवडुंग आहे, तिथपर्यंत गेले आणि आतून बोलण्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, म्हटलं, कुणीतरी आलं.

मग ऐकलं. "अगं अनसूये, तो गठ्ठा सरकव की हिकडं." आवाज बारीक, पण बाईचा नव्हता. "घे की तुजी तू, माजा हात मोकळा हाय व्हय?" थोडं थांबून, "भामे, नातवाचं पेढं कवा देनार?" आबा बोलत होते. एकटेच. अनसूयेसारखं नाकात, दुसरीसारखं फटाफट. प्रत्येकीचं निराळं. एकतीस वर्षं ज्या माणसाशी कुणी बोललं नाही, त्यानं आमचं बोलणं किती कान देऊन ऐकलं होतं, ते मला त्या कुंपणापाशी समजलं.

आणि मग माझा आवाज आला. माझं घोगरं, भांडखोर बोलणं. "मावशी, आज तुला मी न्हाऊ घालनार हाय. गप बसायचं, नाटकं करायची न्हाईत. केस बघ कसं झाल्यात. मी हाय ना? मी कुटं जात न्हाई."

आतून मावशीचा हुंकार आला. समाधानाचा, लहान मूल देतं तसा. मग सगळं शांत झालं.

मी तिथं उभी होते. वीस पावलांवर ओसरी होती. मी रडत होते, हुंदका बाहेर पडू नये म्हणून पदर तोंडात धरला होता, आणि तरीही माझे पाय पुढं गेले नाहीत. सुनेचं पोट डोळ्यांपुढं आलं आणि मी मागं फिरले. त्यानंतरचे दोन रविवार मी घराबाहेरही पडले नाही.

मावशी होळीच्या आधी गेली. जलदान विधीला माणसं आली, नाही कशी येणार? खुर्च्या लांब ओढून बसली. वंदना झाली, दोघं जण चार शब्द बोलले. जेवणाची पातेली तशीच भरलेली राहिली. गौरवनं बापाला गुजरातेत चल म्हटलं. आबा म्हणाले, बघू नंतर.

उन्हाळ्यात सुनेला घेऊन मी लोणावळ्याला डॉक्टरांकडं गेले होते. तिचं तपासून झालं आणि मी धीर करून मावशीच्या आजाराचं विचारलं. नाव सांगता येईना, तर जे जे आठवलं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हात लावून होत नाही, सोबत जेवून होत नाही, शेजारी बसून होत नाही. तेच शब्द, त्याच क्रमानं. आबांनी फुकट सांगितलं ते मला पटलं नव्हतं, पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलं ते एका मिनिटात पटलं. मला माझी इतकी चीड आली, की मी सुनेला रिक्षात बसवून तशीच आबांकडं गेले.

ओसरी झाडलेली होती. आबा खांबाला टेकून बसले होते, पण खाली गठ्ठे नव्हते. दार उघडं होतं आणि आत मावशीची पथारी अजून घातलेली होती. मी वर चढले, त्यांच्या शेजारी बसले. माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते.

आबांनी पाणी आणलं. मी प्याले. खालून लोकल गेल्याचा आवाज आला.

"आबा," मी म्हटलं, "त्या ऐतवारी मी आल्ते. कुंपनापतुर."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "पदर दिसला मला. म्हनून तर तुजं बोललो. म्हनलं, ऐकून तरी ही आत यील."

मी मान खाली घातली. आता ते काय बोलतील ते ऐकायची माझी तयारी होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोज करतो अजून," ते म्हणाले. "सवय लागली. अनसूया जमती, बाकीच्याबी जमत्यात. तुजा आवाज इसरत चाललोय मी. बोल की काय तरी."

मी बोलायला लागले. सुनेचं सांगितलं, दुकानातल्या गर्दीचं सांगितलं, विक्कीचा टेम्पो घाटात बंद पडला ते सांगितलं. बोलत राहिले. आबा ऐकत होते. मान हळूहळू हलवत होते, ओठ माझ्या शब्दांमागून पुटपुटत होते, आणि मी अगदी खेटून बसले होते तरी त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. त्यांची नजर आतल्या पथारीवर होती.